पासपोर्ट नाकारला, अडवला किंवा रद्द केला तर काय करायचं: कागदांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पासपोर्ट ऑफिसचं पत्र हातात पडलं की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एजंटाला गाठून नवा अर्ज टाकतात, नाहीतर कोर्टातून घाईघाईनं एखादा आदेश आणून खिडकीवर ठेवतात. नवा अर्ज त्याच कारणावर अडकतो. आदेशात ऑफिसला हवं असलेलं वाक्यच नसतं, म्हणून तोही परत येतो. या धावपळीत अपिलाची मुदत संपते. हे टाळता येतं, पण त्यासाठी पायऱ्या क्रमानं चढाव्या लागतात. खालची माहिती १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे, साध्या (निळ्या) पासपोर्टबद्दल आहे.

टप्पा १: पत्र नीट वाचा, कलम शोधा

पुढचा सगळा मार्ग पत्रातल्या कलमाच्या आकड्यावर ठरतो. म्हणून वकिलाला फोन करण्याआधीही तो आकडा शोधा.

कलम ६(२) असेल तर पासपोर्ट देणं किंवा नूतनीकरण नाकारलं आहे. कलम १०(३) असेल तर हातातला पासपोर्ट इम्पाउंड म्हणजे अडवून ठेवला आहे, किंवा रद्द केला आहे, किंवा तसं का करू नये अशी विचारणा आहे. कलम १०ए म्हणजे तात्पुरतं निलंबन.

आकड्यापुढचं अक्षर त्याहून महत्त्वाचं. सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा ही अक्षरं येतात:

- ६(२)(एफ) आणि १०(३)(ई): भारतातल्या फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित आहे.
- ६(२)(ई): अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान २ वर्षांची शिक्षा झाली आहे. पासपोर्ट मिळाल्यानंतर अशी शिक्षा झाली तर १०(३)(डी).
- ६(२)(जी) आणि १०(३)(एच): कोर्टाचं समन्स किंवा वॉरंट निघालं आहे, किंवा देश सोडायला कोर्टाची मनाई आहे.
- १०(३)(बी): माहिती दडवून किंवा खोटी माहिती देऊन पासपोर्ट घेतला.
- १०(३)(सी): देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध किंवा सार्वजनिक हित.

यादी इथे पूर्ण नाही, पण एक गोष्ट पक्की: कायद्यात लिहिलेल्या कारणाबाहेर पासपोर्ट नाकारता येत नाही. "तुमच्याबद्दल तक्रार आहे" एवढं पुरत नाही.

कारण लिहिलंच नसेल तर ते लेखी मागा. नाकारताना कलम ५(३) प्रमाणे आणि अडवताना किंवा रद्द करताना कलम १०(५) प्रमाणे अधिकाऱ्यानं कारणांची लेखी नोंद ठेवायची असते आणि मागितल्यावर प्रत द्यायची असते. सुरक्षा, परराष्ट्र संबंध किंवा सार्वजनिक हिताचा अपवाद दाखवूनच ती रोखता येते. "मागितल्यावर" हा शब्द लक्षात ठेवा. न मागता ती येईलच असं नाही.

*तपासा:* फाइल नंबर, पत्राची तारीख, कलम आणि अक्षर, सही करणाऱ्याचं पद, उत्तराची मुदत. या पाच गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवा. पत्र पोस्टानं आलं असेल तर पाकीट फेकू नका, ईमेलनं आलं असेल तर ईमेल पुसू नका. पत्र कधी मिळालं याचा पुरावा तोच.

*सावधान:* पोलिस पडताळणीचा अहवाल प्रतिकूल आला म्हणून खुलासा मागणारं पत्र म्हणजे नकार नव्हे. तिथे अपील होत नाही. तिथे वेळेत खुलासा द्यायचा असतो. खुलासा दिला नाही तर फाइल बंद होते आणि लोक समजतात की सरकारनं पासपोर्ट नाकारला.

टप्पा २: आपल्या नावावर नक्की काय आहे ते काढा

गुन्हा दाखल होणं आणि खटला प्रलंबित असणं यांत कायद्याच्या दृष्टीनं मोठं अंतर आहे. परराष्ट्र मंत्रालयानं १० ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकात हे स्पष्ट केलं आहे: नुसता एफआयआर किंवा चालू तपास ६(२)(एफ) मध्ये बसत नाही. प्रकरण कोर्टात नोंदलं जाऊन कोर्टानं त्याची दखल घेतलेली असेल, तरच ते प्रलंबित मानायचं. तरीही पोलिसांच्या अहवालात एफआयआर दिसला की फाइल थांबते. त्यामुळे आपलं प्रकरण कोणत्या पायरीवर आहे हे कागदानिशी दाखवायची जबाबदारी व्यवहारात आपल्यावरच येते.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नावानं शोधा. जिथे जिथे राहिलात, नोकरी केलीत, धंदा केलात त्या प्रत्येक जिल्ह्यात शोधा. प्रकरण सापडलं की सीएनआर नंबर, म्हणजे त्या खटल्याचा ई-कोर्ट्समधला स्वतंत्र क्रमांक, लिहून घ्या. त्यावरून दाखल तारीख आणि सध्याची अवस्था कळते. मग ठरवा:

एफआयआर आहे, पण दोषारोपपत्र नाही. तपास अधिकाऱ्याकडून किंवा कोर्टाकडून तसं लेखी मिळवा आणि २०१९ च्या पत्रकाचा उल्लेख करून खुलासा द्या. पोलिसांनी बी किंवा सी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली असेल तर ती कोर्टानं मंजूर केल्याच्या आदेशाची नक्कल हवी. "साहेबांनी समरी पाठवली आहे" हे तोंडी सांगणं कुठेच चालत नाही.

दोषारोपपत्र दाखल झालं आणि कोर्टानं दखल घेतली, किंवा खासगी फिर्यादीत प्रोसेस इश्यू झाली, म्हणजे कोर्टानं आरोपीला हजर राहायला बोलावलं. हा प्रलंबित खटला. सरळ टप्पा ४ वर जा.

चेक बाउन्सची केस, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. तिला लोक "पैशाचं मॅटर" म्हणतात आणि अर्जात लिहीत नाहीत. ती फौजदारी कोर्टातच चालते. समन्स निघालं असेल तर ती प्रलंबित खटल्यातच धरली जाते. व्यापाऱ्यांचे पासपोर्ट अडकण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

घटस्फोट, पोटगी, जमिनीचा वाद. हे फौजदारी खटले नाहीत. मात्र पोटगी थकली म्हणून वॉरंट निघालं असेल तर ६(२)(जी) लागू शकतं. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत, शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला असेल तर तो गुन्ह्याचा खटला होत नाही. पण पोलिस अहवालात तो हमखास उतरतो, म्हणून प्रकरण संपल्याचा कागद जवळ ठेवा.

खटला संपला आहे, निर्दोष सुटका झाली आहे. तर निकालाची प्रमाणित नक्कल काढा. पोलिस ठाण्याच्या नोंदीत निकाल चढलेला नसतो आणि वर्षानुवर्षांनी जुना गुन्हा "प्रलंबित" म्हणून परत वर येतो. ठाण्यात नक्कल देऊन पोच घ्या.

परदेशातल्या कोर्टातलं प्रकरण (एफ) मध्ये येत नाही. कायद्यात शब्द आहेत "भारतातील फौजदारी न्यायालय".

टप्पा ३: अर्जात खरं लिहा, आणि तारखेसह लिहा

फॉर्ममध्ये विचारलेलं असतं: फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का, गेल्या ५ वर्षांत शिक्षा झाली का, पूर्वी पासपोर्ट नाकारला, अडवला किंवा रद्द केला होता का, परदेशी नागरिकत्व घेतलं आहे का, इमर्जन्सी सर्टिफिकेटवर (दूतावास फक्त भारतात परतण्यासाठी देतो तो कागद) परत आलात का. सायबर कॅफेतला मुलगा या सगळ्यांपुढे "नाही" टिक करून मोकळा होतो. सबमिट करण्याआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा.

जाणूनबुजून खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं हा कलम १२ खाली गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तोच पासपोर्ट पुढे १०(३)(बी) खाली रद्द होतो. प्रलंबित खटला सांगितला तर त्यावर मार्ग निघतो. लपवला तर मूळ खटला किरकोळ असूनही लपवल्याचं प्रकरण वेगळं उभं राहतं. मला यात सर्वांत वाईट हे वाटतं की ज्यांना कोर्ट सहज परवानगी देईल तेच लोक भीतीपोटी लपवतात.

*सावधान:* अडवलेला पासपोर्ट "हरवला" म्हणून नवा मागू नका. जुन्या पासपोर्टची नोंद ऑफिसच्या संगणकात असतेच.

टप्पा ४: कोर्टाचा आदेश

बहुतेक फाइली इथेच अडतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

खटला प्रलंबित असूनही पासपोर्ट मिळू शकतो. केंद्र सरकारची २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना, जीएसआर ५७०(ई), तशी सूट देते. अट ही की संबंधित कोर्टानं देशाबाहेर जायला परवानगी दिल्याचा आदेश हवा. आणि कोर्ट बोलावेल तेव्हा हजर राहीन, असं लेखी हमीपत्र पासपोर्ट ऑफिसला द्यावं लागतं.

मुदतीचं गणित असं आहे. आदेशात पासपोर्ट किती वर्षांचा ते लिहिलं असेल तर तेवढा. काहीच लिहिलं नसेल तर १ वर्षाचा. आदेशात फक्त वर्षाहून कमी प्रवासाची परवानगी असेल तरी १ वर्षाचाच. प्रवासाची परवानगी वर्षाहून जास्त असेल तर तेवढ्या काळाचा. म्हणजे "अर्ज मंजूर" एवढाच शेरा घेऊन आलात तर महिनोन् महिने खटपट करून हातात वर्षभराचं पुस्तक पडतं.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं आहे की दंडाधिकाऱ्यानं पासपोर्ट "नियमांप्रमाणे" नूतनीकरण करावा असा आदेश दिला असेल, तर पात्र प्रौढाला नेहमीप्रमाणे १० वर्षांचा पासपोर्ट द्यायचा. पण आदेशात १९९३ च्या अधिसूचनेचा उल्लेख असेल, तर मुदत आदेशात लिहिल्याप्रमाणे किंवा त्या अधिसूचनेप्रमाणे ठरेल. अर्जात सवयीनं अधिसूचनेचा नंबर घालायचा आणि मुदत मात्र लिहायची नाही, ही चूक अशी महागात पडते.

क्रम असा ठेवा:

१. ज्या कोर्टात खटला प्रलंबित आहे तिथेच अर्ज करा. उच्च न्यायालयात खटला रद्द करण्याची याचिका चालू असली तरी एरवी परवानगी खालच्या कोर्टाकडूनच मागायची. खटल्याला स्थगिती मिळाली म्हणजे खटला संपला असं होत नाही.

२. तीन-चार खटले असतील तर प्रत्येक कोर्टाचा वेगळा आदेश लागतो. एक जरी राहिला तरी फाइल अडते.

३. दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा. एक पासपोर्टची, दुसरी प्रवासाची. मागणीचा मसुदा साधारण असा: "अर्जदारास १० वर्षे मुदतीचा पासपोर्ट मिळण्यास अथवा नूतनीकरण होण्यास परवानगी द्यावी, अर्जदारास परदेशी जाण्यास परवानगी असावी, मात्र प्रत्येक प्रवासापूर्वी अर्जदार या न्यायालयास तारखा व पत्ता कळवून मंजुरी घेईल." प्रत्येक प्रवासाआधी विचारायची तयारी दाखवली की कोर्टाला १० वर्षांची मुदत देणं सोपं जातं, असं माझं मत आहे.

४. जामिनाच्या अटींत "देश सोडू नये" किंवा "पासपोर्ट जमा करावा" असेल तर ती अट शिथिल करण्याची मागणी त्याच अर्जात घाला. पासपोर्ट मिळाला आणि अट तशीच राहिली तर प्रवास केल्यावर जामीनच धोक्यात येतो.

५. अर्जासोबत रोजनाम्याच्या (कोर्टाच्या तारीखवार नोंदीच्या) नकला जोडा, ज्यांतून तुम्ही तारखांना हजर होता हे दिसतं. पूर्वी परदेशी जाऊन परत आला असाल तर शिक्क्यांच्या पानांच्या झेरॉक्स लावा. सरकारी वकिलांचा से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, येताना हेच कागद उपयोगी पडतात.

६. आदेश झाला की लगेच नक्कल अर्ज करा. साधी झेरॉक्स नको, सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्या.

*तपासा, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडण्याआधी:* नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे का? केस नंबर बरोबर आहे का? पासपोर्टची मुदत वर्षांत लिहिली आहे का? देशाबाहेर जाण्याबद्दल स्पष्ट वाक्य आहे का? यातलं काही चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.

शिक्षा झालेल्यांसाठी थोडं वेगळं आहे. शिक्षा २ वर्षांपेक्षा कमी असेल, किंवा दोषी ठरवल्याला अर्जाच्या तारखेपर्यंत ५ वर्षं उलटून गेली असतील, तर (ई) अक्षर लागू होत नाही. आणि केवळ शिक्षेविरुद्धचं अपील प्रलंबित आहे म्हणून नूतनीकरण नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली एका प्रकरणात म्हटलं आहे. निकालपत्र आणि शिक्षेचा आदेश जोडून ५ वर्षांचा हिशेब तारखांसह मांडा.

टप्पा ५: कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर

कलम १०(३) ची नोटीस आली की लोक पानंच्या पानं भरून "मी निर्दोष आहे, केस खोटी आहे" असं लिहितात. ते खटल्याच्या कोर्टात सांगायचं असतं. पासपोर्ट अधिकाऱ्यासमोरचा प्रश्न छोटा असतो: नोटिशीतलं अक्षर तुम्हाला लागू होतं का, आणि होत असेल तरी पासपोर्ट अडवण्याची गरज आहे का? उत्तर तेवढ्याचंच द्या.

नोटीस (बी) ची, म्हणजे माहिती दडवल्याची असेल, तर तारखांचा तक्ता सगळ्यांत आधी. पासपोर्टचा अर्ज केल्याची तारीख, एफआयआरची तारीख, दोषारोपपत्राची, कोर्टानं दखल घेतल्याची, आणि समन्स तुम्हाला प्रत्यक्ष बजावल्याची तारीख. अर्ज केला त्या दिवशी खटला अस्तित्वातच नव्हता, किंवा तुम्हाला कळवलेला नव्हता, हे तक्त्यातून दिसलं तर दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा ते जास्त काम करतं.

नोटीस (ई) ची, म्हणजे प्रलंबित खटल्याची असेल, तर कायद्यातला शब्द "अडवू शकेल" असा आहे, "अडवलाच पाहिजे" असा नाही. अधिकाऱ्यानं विचार करून ठरवायचं असतं. त्याला विचार करायला साहित्य द्या: कोर्टातली हजेरी, पूर्वीचे प्रवास आणि परती, नोकरीचं पत्र, परदेशात शिकणाऱ्या मुलाची किंवा उपचारांची कागदपत्रं, आणि मिळाला असेल तर टप्पा ४ चा आदेश.

उत्तराच्या शेवटी दोन विनंत्या न विसरता लिहा: ज्या पोलिस अहवालावर किंवा तक्रारीवर नोटीस आधारली आहे त्याची प्रत द्यावी, आणि निर्णयापूर्वी प्रत्यक्ष म्हणणं ऐकून घ्यावं. मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ मध्ये "सार्वजनिक हितासाठी" अडवला गेला आणि कारणही दिलं गेलं नाही. त्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेली गोष्ट आजही तुमच्या उत्तराला आधार देते: परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, आणि म्हणणं मांडायची संधी न देता तो काढून घेता येत नाही.

*सावधान:* मुदत पाळा. कलम १०ए चं निलंबन आधी ४ आठवड्यांपर्यंतचं असतं, पण त्या काळातही रद्दीकरण होऊ शकतं. विजय मल्ल्या यांचा पासपोर्ट १५ एप्रिल २०१६ रोजी ४ आठवड्यांसाठी निलंबित झाला, उत्तराला एक आठवडा दिला गेला आणि २४ एप्रिलला तो रद्द झाला. परदेशात असाल तर ईमेलनं आणि दूतावासामार्फत, दोन्ही वाटांनी उत्तर पाठवा. पासपोर्ट रद्दच झाला तर भारतात परतण्यासाठी दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. त्यावर फक्त परतीचा प्रवास होतो.

टप्पा ६: अपील, आणि अपील नसेल तेव्हा

पासपोर्ट अधिकाऱ्याच्या नकाराविरुद्ध किंवा रद्द करण्याच्या आदेशाविरुद्ध कलम ११ खाली अपील करता येतं. आदेश कळवल्यापासून ३० दिवसांत. अपील लेखी हवं, ठरलेली फी हवी आणि कारणांची प्रत मिळाली असेल तर ती सोबत हवी. टप्पा १ मध्ये कारणं मागायला सांगितलं ते यासाठीही. उशीर झाला असेल तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका.

आदेश खुद्द केंद्र सरकारनं दिलेला असेल तर कलम ११ खाली अपीलच नाही. मग थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. सही करणाऱ्याचं पद लिहून ठेवायला सांगितलं ते इथे कामाला येतं. ललित मोदी यांचा पासपोर्ट मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयानं मार्च २०११ मध्ये रद्द केला होता आणि दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१४ मध्ये तो आदेश रद्दबातल केला. कागद आणि मुदती सांभाळल्या तर लढाई लांबली तरी संपत नाही.

अपील चालू असताना रद्द झालेला पासपोर्ट जवळ ठेवून विमानतळावर जाऊ नका. रद्द केल्याचं कळलं की तो विनाविलंब जमा करायचा आणि पोच घ्यायची.

टप्पा ७: तीन प्रकरणं जिथे दारच चुकतं

*पासपोर्ट पोलिसांकडे आहे.* तपासात पोलिस पासपोर्ट जप्त करू शकतात, पण तो अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचाच. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सुरेश नंदा प्रकरणात हे स्पष्ट केलं. जप्त केल्यावर पोलिसांनी तो पासपोर्ट ऑफिसकडे पाठवायचा आणि ऑफिसनं नोटीस देऊन निर्णय घ्यायचा. तसं काही झालं नसेल तर पासपोर्ट परत मिळण्यासाठी खटल्याच्या कोर्टात अर्ज करा. ठाण्यात खेटे घालत बसू नका. मालकानं किंवा भरती एजंटानं पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर त्याला तसा काहीच हक्क नाही. कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे.

*पासपोर्ट चालू आहे, पण विमानतळावर अडवलं.* ही बहुधा लुकआउट सर्क्युलर, म्हणजे अमुक माणसाला देशाबाहेर जाताना अडवा अशी सूचना, असते. पासपोर्ट ऑफिसमध्ये अर्ज करून उपयोग नाही. कोणत्या यंत्रणेनं ती काढायला लावली ते विचारून तिच्याकडे आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयात जावं लागतं. सरकारी बँकांच्या प्रमुखांना अशी सर्क्युलर मागण्याचा अधिकार देणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली. कर्जाच्या थकबाकीवरून अडवलं असेल तर वकिलाला हा निकाल दाखवा.

*गोव्यातले पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले लोक.* दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. तो वापरत राहिलेल्यांचे पासपोर्ट माहिती दडवली म्हणून रद्द झाले. मग पासपोर्ट जमा केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट मिळेना आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, अडकलं. एप्रिल २०२४ मध्ये अशांना सरेंडर सर्टिफिकेटऐवजी रद्दीकरणाचं प्रमाणपत्र ओसीआयसाठी चालेल असं सांगितलं गेलं. ज्यांचं नागरिकत्वाचं काम अजून चालू आहे त्यांनी पोर्तुगीज कागद हातात आल्यावर भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण करू नये आणि त्यावर प्रवासही करू नये. आधी जमा करावा.

टप्पा ८: पासपोर्ट हातात आल्यावर

कोर्टाच्या आदेशावर मिळालेल्या पासपोर्टची मुदत पहिल्या पानावर तपासा. आदेशात १० वर्षं लिहिली असून १ वर्षाचाच आला असेल तर तो आदेश पुन्हा जोडून लगेच लेखी दुरुस्ती मागा. वर्षभराचा पासपोर्ट वर्षावर्षानं वाढवून मिळू शकतो, पण मंजूर काळाचा परदेश प्रवास अजून झालेला नसेल आणि कोर्टाचा आदेश रद्द झालेला किंवा बदललेला नसेल तरच. अनेक देश प्रवासाच्या वेळी किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेलाच पासपोर्ट मान्य करतात, म्हणजे वर्षाच्या पासपोर्टचा खरा उपयोग सहाच महिने होतो. तिकीट काढण्याआधी प्रवासाच्या परवानगीचा अर्ज टाका, आदेशाची प्रमाणित प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, आणि परत आल्यावर कोर्टानं सांगितलेल्या दिवशी शिक्क्याच्या पानाची प्रत दाखल करून रोजनाम्यात त्याची नोंद करून घ्या.